मयताचं पाणी

बिश्केकच्या कडेची आमची नवी वस्ती नकाशातच नाही. जिवंतांसाठी इथं टँकर येत नाही. मयताच्या आंघोळीला मात्र येतो. म्हणून पहिल्यांदा सायराकान आजी चादर ओढून आडवी झाली आणि आतून कुरकुरली, “जरा मोठ्यानं रडा की गं, फुकट मेलेय का मी?” वस्तीभर पाणी झालं! मग पाळीपाळीनं आम्ही सगळेच मेलो. टँकरवाला बेरकी. आधी मयताचं नाव विचारतो, आणि तेच नाव पुन्हा ऐकलं की टँकर मागे वळवतो. आता न मेलेलं कुणी उरलंच नव्हतं.

आज सकाळी बुरुलाय बाळंत झाली आणि तिनं आतून कडी लावून घेतली. दाराबाहेर अख्खी वस्ती बादल्या घेऊन लाडानं विचारतेय, “अगं, बाळाचं नाव काय ठेवलंस?”