परस्पर

यादी रिकामी असणार, असं ती धरूनच चालली होती. मेलला आजवर तिने एकही नियम घातला नव्हता.

बाहेरच्या खोलीत दुरुस्तीची व्हायोलिनं टांगून झाली होती, शेगडीवर लाकूड चिकटवायचा सरस पातळ होत होता, दारावर पाटी लागायची तेवढी बाकी होती. गिऱ्हाइकांसाठी एक पत्ता, लाकूडवाल्यांसाठी दुसरा, शिवाय कॉलेजच्या जुन्या पत्त्यावरून वळून येणारे मेल. सगळं येऊन पडणार तिच्या एकाच खात्यात. ते आपोआप वेगळं व्हावं म्हणून नियम घालायला ती सेटिंगमध्ये शिरली होती.

यादी रिकामी नव्हती.

पहिल्याच ओळीत व्हायोलिनं घडवणाऱ्या एका नावाजलेल्या वाद्यशाळेचा पत्ता होता. 'यांचा मेल इनबॉक्समध्ये ठेवू नये. पुढील पत्त्यावर पाठवावा. इथून काढून टाकावा.' खाली दुसरी वाद्यशाळा. मग तिसरी. जिथे जिथे तिने नोकरीसाठी अर्ज केला होता ती सगळी नावं, अर्ज केले त्याच क्रमाने.

आणि प्रत्येक ओळीत पुढील पत्ता एकच. आईचा.

कुठूनच साधं 'नाही'सुद्धा येत नाही, म्हणून तर तिने नोकरीचा नाद सोडून स्वतःच्या दुकानासाठी ही खोली मोकळी करून घेतली होती.

"आई!"

आई हात पुसत आली. शाळेत संगणक शिकवण्यात तिची सगळी नोकरी गेलेली. लेकीचं हे खातंही लहानपणी तिनेच उघडून दिलेलं, पासवर्डही अजून तेव्हाचाच. पडद्याकडे नजर गेली आणि ती दारातच थांबली. तिला चष्मा शोधावा लागला नाही.

"हे तू केलंस?"

आई कोरडे झालेले हात पुसत राहिली.

"जेवताना मीच तुला सांगायचे. आज इथे अर्ज केला, आज तिथे केला. आणि तू मला वाढता वाढता... काय लिहिलं होतं त्यांनी?"

"बोलावलं होतं," आई म्हणाली. "दोघांनी. एकांनी तर परत विचारलं."

"आणि तू काय कळवलंस?"

"काहीच नाही. खोटं नाही लिहिलं मी कुणाला."

"मी रडायचे तेव्हा डोक्यावरून हात फिरवायचीस. 'दगड आहेत मेले, त्यांना काय कळतंय' म्हणायचीस."

"आधी वाटलं, आपण वाचावं आणि मग तुला सांगावं. पण बोलावणं आलं आणि वाटलं, तू लांब निघून जाशील. मग सांगायचं कसं, तेच कळेना." आई दोन पावलं पुढे आली. "पण एकही पुसला नाही, चिमे. सगळे जपून ठेवलेत. किती कौतुक केलंय तुझ्या हाताचं! मावशीला वाचून दाखवले तर तिला रडू आलं."

म्हणजे मावशीलाही ठाऊक होतं. परवा येऊन ह्याच खोलीचे पडदे लावून गेली होती ती.

"ते सगळे मला पाठव. आत्ता."

"जागा भरल्या असतील गं आता."

"पाठव."

आईने फोन काढला. एकेक मेल टणकन येऊन पडायला लागला, ह्या वेळी इनबॉक्समध्ये. तिने एकही उघडला नाही. आधी एकेक नियम काढून टाकला. मग पासवर्ड बदलायला घेतला आणि तिची बोटं थबकली. आई खुर्चीमागे येऊन उभी होती, वर्गात मुलींच्या मागे उभी राहायची तशी, पडद्यावर नजर ठेवून.

"आई, तिकडे तोंड कर."

आईला आधी कळलंच नाही. मग ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

काही अक्षरं दाबून झाल्यावर तिने मागे पाहिलं. आईने डोळेही मिटून घेतले होते, गच्च.