आत कोण?

हेरंबला जाग आली तेव्हा त्याचा गुडघा सोलपटलेला होता आणि पाय मातीने भरले होते. त्याने चिडून देहचालक कंपनीला फोन लावला.

"मला जिमचा वैताग आहे, म्हणून रोज तासभर मी झोपतो आणि तुमचा माणूस माझं शरीर जिमला नेतो. मातीत लोळवायला दिलं नव्हतं ते."

पलीकडे चालकच होता. "साहेब, तुमचं शरीर जिमच्या दारातच अडून बसायचं. खाली मैदानात तुमची मुलगी आट्यापाट्या खेळताना दिसली, की मात्र आपणहून पळत सुटायचं. महिनाभर तेच खेळतोय आम्ही."

"माझ्या मुलीशी? माझ्या अंगात शिरून?" हेरंबचा आवाज चढला. "आजपासून बंद. माझे पाय मला चालवता येतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो धुमसतच मैदानात उतरला. मुक्ता फक्कीने पाट्या आखत होती. त्याला पाहून ती हसत धावत आली, मग थबकली आणि त्याचे डोळे निरखू लागली.

"आत काका आहेत ना?"

"कोण काका? मीच आहे."

तिने फक्कीचा डबा आपटला आणि मैत्रिणींकडे वळली.

"चला गं घरी. आज बाबाच आलाय."