शिंगाचं टोक

हट्टा गावातल्या घरी ओसरीत बसून पुनम मोबाइलवर बघत बघत अंगठ्याएवढे प्लास्टिकचे राक्षस आणि ड्रॅगन रंगवायला शिकत होती. पहिल्याच ड्रॅगनच्या शिंगापाशी तिचा हात हलला आणि लाल रंग थेट त्याच्या डोळ्यात गेला.

"हात काहून थरथरून राहिला तुहा? आण इकडं," म्हणत तिच्या वडिलांनी, उत्तमराव आबांनी, ब्रश घेतला. हळद काढून काढून राठ झालेली ती बोटं बघून पुनमला वाटलं, गेला आता आपला ड्रॅगन!

पण आबांनी खांद्यावरच्या दस्तीनं त्याचा डोळा पुसला, डाव्या हातानं मान अलगद धरली आणि तोंडानं चुचकारत बुडापासून शिंग असं रंगवत नेलं, की तिला पोळ्याची सकाळच आठवली. गोठ्यात हरण्या बैलाच्या जागी ट्रॅक्टर आल्यापासून आबांनी रंगाला हात लावला नव्हता.

दोन्ही शिंगं लालभडक झाली. डाव्याचं टोक मात्र कोरंच होतं.

"आबा, हे काहून सोडलं?"

"राहू दे." त्यांनी त्या टोकावर हळूच फुंकर घातली. "हरण्याला तितं चीर व्हती. रंग लागला की झोंबायचा त्याला."