समुद्राचं बिल

"अहो दादा, तीन महिने कंपनीला सांगतेय, आमच्याकडे समुद्राची स्वप्नं कुणी मागवलीच नाहीत!" जालन्यातल्या आपल्या दारात मैथिली वसुलीवाल्यावर वैतागली. इंटरनेटवरून घरात येणाऱ्या स्वप्नांचं बिल पुन्हा चुकलं होतं. थकबाकी भरली नाही, तर सगळीच स्वप्नं बंद होणार होती.

"चूक आमची असेल ताई, तर बिल माफ. समुद्र आत्ताच काढून टाकतो," म्हणत त्यानं मोबाइल काढला.

आत पाळण्यात दीड वर्षांची शर्वी दुपारची झोपली होती. कधीच समुद्र न पाहिलेली तिची इवली पावलं हळूहळू जणू पाणी उडवत होती. ती झोपेतच खुदकन हसली.

"थांबा," मैथिली कुजबुजली. "हळू बोला, उठेल ती. किती झाले म्हणालात?"