डावी टाच

बाप आणि लेक एकाच मैदानावर गोल्फ शिकवायचे आणि रोज एकाच गोष्टीवरून भांडायचे. बाप जुन्या वळणाचा. स्टिक मागे नेताना डावी टाच खुशाल उचलू द्यावी, म्हणजे कंबरेला जाच होत नाही, असं त्याचं म्हणणं. लेक शिकवायची ती नवी पद्धत: दोन्ही पाय जमिनीत रोवलेले, कंबर जागच्या जागी, पीळ सगळा खांद्यांचा. तिचा चेंडू लांब जायचा, त्यामुळे शिकणारेही तिच्याकडेच वळायचे.

"बाबा, तुमची ती टाच आता संग्रहालयात ठेवा."

"ठेवतो. एक दिवस तूच बघायला येशील."

त्या सकाळी तो जरा लवकर पोचला. लेक एकटीच सराव करत होती. तिने स्टिक मागे नेली आणि तिची डावी टाच अलगद वर आली. पुढच्या फटक्यालाही आली. त्याच्या पुढच्याही.

हाक मारायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं. आल्या पावली तो मागे फिरला आणि फाटकाबाहेर जाऊन बायकोला फोन लावला.

"अगं, पोरीची कंबर दुखतेय. मी विचारलं तर सांगायची नाही. तू विचार."