लोकांची वस्तू

पकड मोजायचं यंत्र आईच्या मुठीत होतं, पण काटा जेमतेमच हलला. “हाताला एवढाही जोर नसेल, तर हृदयाचं ऑपरेशन जिवावर बेतेल. मी करणार नाही,” डॉक्टर म्हणाले. लेक आईजवळ सरकली. ऑपरेशनशिवाय आई किती दिवस काढणार? पण कालच तर हिनं ओली चादर पिळून कोरडीठाक केली होती! “आई, दाब ना गं जोरात!” “अगं, लोकांची वस्तू,” आई कुजबुजली, “मोडली म्हणजे?” डॉक्टरांना हसू आवरेना. “मोडा, आजी, खुशाल मोडा!” आईनं बाह्या सरसावल्या आणि दातओठ खाऊन मूठ आवळली. काटा ऑपरेशनसाठी लागणारी खूण ओलांडून सुसाट वर चढला. “अजून, आई, अजून!” लेक नाचायचीच बाकी होती. “बस्स! ऑपरेशन करूया,” म्हणत डॉक्टरांनी यंत्रासाठी हात पुढे केला. आई सोडेचना. “थांबा हो, अजून मोडलंय कुठं?”