डावं चाक

अमरावतीहून अकोल्याला येईस्तोवर बाबांची जुनी गाडी सारखी डावीकडे ओढत होती, आणि उद्या त्याच गाडीनं सेमाडोहचा घाट उतरायचा होता.

"पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक जाम आहे, सारखा घासतोय," दहावीतली आचल ठासून म्हणाली, तसे गॅरेजमधले श्रावण मिस्त्री खो खो हसले. "टायरात हवा कमी हाये वं पोरी! तू घरी जाऊन पोळ्या कर, गाडीचं आमी पाह्यतो."

आचल जागची हलली नाही. तिनं बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन पुढच्या दोन्ही चाकांवर शिंपडलं. उजवं नुसतं भिजलं. डावं चर्रर्र करून वाफाळलं.

"काका, तवा तापला का नाई, ते असंच पाह्यतात. पोळ्या करता करताच शिकली मी!"